बाळारामकाका आणि गाडीवरचे ऊन

पहिल्याच भेटीत बाळारामकाकांनी मला एका करड्या चादरीत गुंडाळले. आम्ही बदलापूर पूर्वेला नव्याने राहायला आलो होतो आणि शेजारी ओळख व्हावी म्हणून मी तिळाच्या वड्यांची ताटली घेऊन त्यांच्या अंगणात शिरले होते. अंगावर लख्ख पिवळी साडी होती. काका पायरीवर बसून मांडीवरच्या निळ्या रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्याकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर तळहात धरला आणि आतल्या दिशेने म्हणाले, "अगो, ती चादर आन. बाई पिवली हाय." त्यांच्या पत्नी, ताराकाकू, चादर घेऊन आल्या आणि सवयीने ती माझ्या खांद्यांवर टाकून आत गेल्या. "रागावू नका," काका म्हणाले, "तुमच्या लुगऱ्याचा पिवला माझ्या निल्यान येतंय." मी ताटली हातात धरून, भर सकाळी चादर पांघरून, त्यांचे पाहणे संपेपर्यंत उभी राहिले.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात काका आयुष्यभर रंग जुळवण्याचे काम करीत आले होते. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना समोर ठेवायचा आणि थेंबाथेंबाने दुसरा रंग त्याच्या शेजारी आणून उभा करायचा, दोघांमधली रेघ पुसली जाईपर्यंत. अंगावरच्या कपड्याचा रंग नमुन्यावर पडू नये म्हणून ते सदैव करडा सदरा घालीत. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. घराच्या भिंतीही त्यांनी करड्याच ठेवल्या होत्या. "लग्नान मी लाल शालू नेसून बाजूला बसले," ताराकाकू सांगत, "तं म्हन्तंय कसा, जरा लांब सरक. भटजी पन हसला."

रंगाकडे ते टक लावून कधीच पाहत नसत. डोळे मिटून बसत, उघडत, मनात तीन मोजीत आणि पुन्हा मिटून घेत. "डोला लबाड," ते म्हणत. "तिनाच्या पुढं मोजलास का तो आपल्याच मनातला रंग बघाला लागतंय." माणसाच्या डोळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, विश्वास होता तो धातूवर. कोणी काही ठामपणे सांगू लागले की ते मान हलवीत आणि हलकेच म्हणत, "आसंल. पन पत्रा खोटा बोलत नाय."

या पत्र्याचे घर बदलापूरच्या पुढे वांगणीला होते. आज अंबरनाथच्या आनंदनगरचे कारखाने जिथे उभे आहेत तिथे एकेकाळी काकांच्या कुटुंबाची भातशेती होती. ती गेली. तिच्या बदल्यात जे आले त्यातून भावांनी इमारती बांधल्या. काकांनी वांगणीच्या उरलेल्या जमिनीवर एक लांबलचक शेड उभारली आणि तिच्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत घडलेल्या तीन मोटारगाड्या आणून ठेवल्या. राजेरजवाड्यांसाठी आणि धनिक व्यापाऱ्यांसाठी बोटीतून आलेल्या त्या गाड्या. नावेसारखी लांब नाके, मडगार्डात रुतवून बसवलेली जादा चाके, मागे बसणाऱ्याचे बोलणे पुढच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून मधोमध सरकती काच. शेडचे दार उघडले की आतून जुन्या लोकरीचा, ग्रिसचा आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा रंगाचा गोडसर वास अंगावर येई. मला तिथे नेहमी वाटे, की आपण येण्यापूर्वी कोणीतरी बोलत होते आणि आपल्याला पाहून गप्प झाले.

गाडी कोणत्या कंपनीची, हे काका कधी उच्चारीत नसत. मी एकदा विचारले तर म्हणाले, "नांदाला आलेल्या बाईला कोन माहेरच्या नावान हाक मारतं?" पहिली थोरली, दुसरी मधली. तिसरीला नाव पडले नव्हते. ती नुसती 'ती' होती. "लढाई लागली न ते कारखाने तोफा कराला बसले," ते सांगत. "मागून परत गाऱ्या झाल्या, पन ह्या झाल्या नाय. ह्या शेवटच्या." ताराकाकू तिघींनाही सवती म्हणत. "सवतींना रंगावर रंग," त्या मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत, "न माझ्या न्हानीला दहा वर्सं चुना नाय."

गाडीला हात लावण्यापूर्वी काका दोन गोष्टी करीत. नंतरच्या थरांखाली दडलेला मूळ रंग शोधून काढीत, आणि त्या गाडीत बसलेले कोणी अजून जिवंत आहे का, याचा तपास करीत. गाडी पूर्ण झाली की त्या माणसाला आणून एकदा मागच्या बैठकीवर बसवायचे, हा त्यांचा रिवाज होता. थोरलीत एका दिवाणांचा नव्वदीतला नातू येऊन बसला होता. मधलीत एक वृद्ध दाई. त्यानंतर काका ती गाडी पूर्ण झाली असे मानीत. माझ्याकडे काम आले ते तिसरीच्या वेळी. त्यांचा हात कापू लागला होता. "तुमी कालेजात मराठी शिकवताव ना, मंग माझी वही लिवा," असे म्हणून त्यांनी रंगांची वही माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यात रंगांना आकड्यांसोबत त्यांनी दिलेली नावेही होती: शिजल्या नाचणीचा, कौलांच्या ओल्या पाठीचा, मेल्या निखाऱ्याचा.

ती उल्हासनगरला लागून असलेल्या विठ्ठलवाडीच्या मागे एका भंगाराच्या आवारात सापडली होती. अनेक वर्षे लग्नाच्या वरातींना भाड्याने जाणारी, अंगावर काळ्या रंगाचे थरावर थर. काकांनी ते ब्लेडच्या टोकाने खरवडले. सगळीकडे वेगवेगळे उत्तर मिळे. शेवटी उजव्या दाराच्या मुठीखालची पितळी पट्टी काढल्यावर नखाएवढी जागा उघडी झाली, जिथे गाडी घडली त्या दिवसापासून ऊन, पाणी, हात, काहीच पोहोचले नव्हते. काकांनी डोळे मिटले, उघडले, तीन मोजले. "लिवा," ते म्हणाले. "पान्यान बुरालेल्या बाटलीचा." खोल, थंड, निळसर हिरवा. त्या नखाएवढ्या रंगाकडे पाहताना विहिरीत वाकून पाहिल्याचा भास मला झाला.

तिचा माणूस सापडला तो डाव्या बाजूच्या मागच्या दारामुळे. त्याची एक बिजागरी मोटारीची नव्हतीच; लोखंडी ट्रंकेची होती. उल्हासनगरात बैठका शिवणारे एक म्हातारे सिंधी कारागीर माप घ्यायला आले, त्यांनी त्या बिजागरीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "अरे, ये तो सुंदरी दादी के घर की है. ये कब्जा मेरे बाप ने लगाया था." सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, उल्हासनगरात आदराने कोणाही वडीलधाऱ्या स्त्रीला.

सुंदरी दादी कॅम्पातल्या एका जुन्या इमारतीत मुलाकडे राहत होत्या. पंचाऐंशीच्या पुढे वय, पांढरी ओढणी, बोलण्यात मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढलेली. त्यांचे वडील कराचीला कापडाचे व्यापारी होते. फाळणीनंतर बोटीत सामान किती न्यायचे, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी भांडीकुंडी मागे ठेवून गाडी आणली. "अम्माने त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही," दादी म्हणाल्या. "रोटी बनवायला तवा नव्हता आणि दारात ही महाराणी." निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळाल्या होत्या. बराकीत एका खोलीत तीन कुटुंबे, मध्ये पोत्यांचे पडदे. पेट्रोल कुठले? गाडी बराकीच्या भिंतीला लागून तीन वर्षे उभी राहिली आणि दादी आणि त्यांचा पाच वर्षांचा भाऊ मोती तिच्या मागच्या बैठकीवर झोपू लागले. तिथेच मोतीला ताप आला. तिथेच तो गेला. त्यानंतर वडिलांनी गाडी विकली.

दादींना एकच हवे होते: तिच्यात पुन्हा एकदा बसणे. पण त्यांना काचबिंदू होता; डॉक्टरांनी सांगितले होते की उरलेली नजर फार दिवस टिकणार नाही. "भाऊ, जल्दी करना," त्या काकांना म्हणाल्या. "ती आमचीच आहे, हे मला डोळ्यांनी बघायचंय. दुसऱ्याच्या गाडीत बसून माझ्या भावाला नाही रडणार मी."

काकांनी आठ महिने दुसरे काही केले नाही. हात कापत असूनही फवारणी स्वतः केली. कापणे थांबेल अशा क्षणाची ते तासन्‌तास वाट पाहत. गाडी पूर्ण झाली तेव्हा शेडमध्ये पाण्याचा एक तुकडा आणून ठेवल्यासारखे वाटले. जानेवारीच्या एका सकाळी दादी सुनेबरोबर आल्या. तेव्हा त्यांना अजून बरेचसे दिसत होते. त्या गाडीभोवती फिरल्या, बॉनेटवर हात ठेवला, मान तिरकी करून दारांकडे पाहिले आणि पुन्हा एकदा फिरल्या.

"बहुत सुंदर आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण ही आमची नाही."

"दादी, कब्जा बघा. ट्रंकेचा कब्जा."

"कब्जा असेल. ट्रंका सगळ्यांकडेच होत्या."

काकांनी दार उघडून धरले. दादी बसल्या नाहीत. चहा प्यायल्या, काकांना आशीर्वाद दिला आणि निघून गेल्या. रिक्षाचा आवाज विरेपर्यंत काका दार तसेच धरून उभे होते. मग म्हणाले, "दादी इसरली. पत्रा खोटा बोलत नाय." पण नेहमीची मान हलली नाही.

पुढचे तीन आठवडे ते वांगणीला गेले नाहीत. अंगणातही दिसेनात. ताराकाकू एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "सवत रुसली तं ह्यो माझ्याशी बोलंल, आसा वाटला व्हता मना. ह्यो भिंतीशी बोलतंय." त्या हसल्या, पण डोळे पुसून हसल्या.

मग एका सकाळी काका आमच्या फाटकाशी उभे. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला, इतका त्यांचा चेहरा उतरला होता.

"गच्ची," ते म्हणाले.

"काय झालं, काका?"

"कारखान्याच्या गच्चीवर मी पत्रे मांडायचो. हरेक रंगाचे दोन. एक अंधारान, कपाटात. एक उन्हान, वर. वर्सभरानं दोनी बाजूबाजूला धराचे. आपलाच रंग आपल्याला वलखू येत नाय, येवरा तो उतरतंय." ते फाटकाला धरून खाली बसले. "सगला जलम मी उन्हान पत्रे ठेवले न मनाच उन्हाचा इसर परला. तो मुठीखालचा रंग दादीनं कवा बघितला? ती जलमाला येवाच्या आदुगर तो झाकला व्हता. जित्या मानसानं कोनी बघितला नाय आसा रंग मी गारीला लावला."

शेडमधला तो खोल हिरवा मला आठवला आणि पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. काकांनी एका मुलीला तिचे बालपण परत द्यायचे म्हणून गाडी इतकी मागे नेली होती, की ती मुलगी तिथे नव्हतीच.

त्यानंतर आम्ही दर रविवारी दादींकडे जाऊ लागलो. काका रंगाबद्दल चकार शब्द विचारीत नसत. "बराकीचं दार कुठल्या अंगाला व्हता? गारीचं तोंड कुठं? झार व्हता का?" दादी प्रथम हसल्या. मग डोळे मिटून उत्तरे देऊ लागल्या, आणि शरीराने जपलेले सगळे हळूहळू वर येऊ लागले. गाडीचे नाक उत्तरेला. भिंत डाव्या हाताला, एक माणूस जेमतेम शिरेल एवढी फट सोडून. उजव्या दारांना सकाळी दहानंतर हात लावता येत नसे. त्या बाजूच्या मडगार्डांवर अम्मा पापड वाळवी. छतावरून बोट फिरवले तर बोटाला रंगाची पांढरट पूड लागे, ती कपाळाला लावून मोती साधू व्हायचा. बॉनेटवर बराकीतल्या बायका धुणे टाकीत, म्हणून तिथे ऊन ठिगळाठिगळाने उतरले होते. डावीकडे मात्र ऊन कधीच येत नसे. "उधर ठंडा रहता था," दादी म्हणाल्या. "म्हणून तापात त्याला तिकडच्या दाराला टेकवून झोपवलं होतं. गाल दाराला लावून."

मी वहीत लिहीत होते. ते वाक्य रंगांच्या ओळीत बसत नव्हते; मी ते समासात लिहिले.

सगळे लिहून झाल्यावर रविवारच्या फेऱ्या थांबल्या. काकांनी आपले आठ महिने स्वतःच घासून काढले. मग त्यांनी गाडीला ऊन लावायला सुरुवात केली. दुसरा शब्द मला सुचत नाही. छताला राख मिसळल्यासारखा फिका, कोरडा रंग. उजव्या दारांना त्याहून थोडा जिवंत. बॉनेटवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या. एकाच गाडीवर एकाच रंगाची अकरा वये. आणि डाव्या बाजूच्या मागच्या दारावर, फक्त तिथे, पाण्यात बुडालेल्या बाटलीचा हिरवा जवळजवळ तसाच. चकाकी कुठेही ठेवली नाही. मुंबईहून एक संग्राहक पाहायला आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारले, "यांची दृष्टी गेली आहे का?"

दादी पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये पुन्हा आल्या. काकांनी गाडी शेडबाहेर, भिंतीला लागून, नाक उत्तरेला करून उभी केली होती आणि दादींना मुद्दाम अकराला बोलावले होते. हवेत आंब्याच्या मोहोराचा दाट वास होता. दादी सुनेचा हात धरून सावकाश आल्या. सून काहीतरी सांगायला गेली तेव्हा दादींनी तिचे मनगट दाबले. मी ते पाहिले, आणि त्या क्षणी सोडून दिले. त्या उजव्या बाजूच्या दारापाशी थांबल्या, तळहात टेकला आणि चटकन मागे घेतला. मग हात गाडीवरून न उचलता मागून वळसा घालून भिंतीच्या फटीत शिरल्या. मागच्या दारावर त्यांनी आधी तळहात ठेवला, नंतर गाल.

"हीच," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांना उजवीकडे आणून मागचे दार उघडले. दादी आत बसल्या आणि त्यांनी दार लावायला सांगितले. त्या गाड्यांचे दार बंद होताना आवाज फार हलका येतो, उशीवर डोके टेकावे तसा. काचेतून आम्हाला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्या बैठकीच्या मधोमध बसल्या नव्हत्या. डाव्या दाराकडची जागा मोकळी सोडून अलीकडेच बसल्या होत्या. आपण पाहू नये असे वाटून मी मान वळवली. काका मात्र पाहत राहिले, आणि पहिल्यांदाच तिनाच्या पुढे मोजत राहिले असावेत.

पंधरा-वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. ओढणी सारखी केली आणि अगदी रोजच्या आवाजात काकांना म्हणाल्या, "पानी माँगा था उसने. मी नळावर गेले होते. लाइन बडी थी."

एवढेच. मग त्या घरी गेल्या.

त्या दिवसापासून काका वांगणीला गेले की सर्वांत आधी एक तांब्या भरून गाडीत, मागच्या बैठकीजवळ ठेवीत आणि परतताना ते पाणी आंब्याच्या बुंध्याशी ओतीत. देवळात न जाणारा, नवस न बोलणारा हा माणूस. मी विचारले तेव्हा थोडे ओशाळले. "आत कोन हाय का नाय, मना ठाव नाय," ते म्हणाले. "पन तहान ती तहानच." 'पत्रा खोटा बोलत नाय' हे वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

दोन वर्षांनी, वैशाखातल्या एका दुपारी, जेवून आडवे झालेले काका उठले नाहीत. ताराकाकूंनी त्यांना शेवटचा सदरा करडाच घातला. तेराव्याला आलेल्या त्या मुंबईच्या संग्राहकांनी गाडी मागितली. मूळ रंगात आणू, म्हणाले. काकांच्या थोरल्या मुलाने आईकडे पाहिले. ताराकाकू म्हणाल्या, "दोघी न्या. ती ऱ्हाऊं दे. तिला पानी द्यावा लागतं."

हे सांगायला मी दादींकडे गेले. खोलीत दिवा नव्हता, आणि तो नसल्याचे त्यांना कळलेही नव्हते. मी जवळ बसले तेव्हा त्यांनी माझा चेहरा हाताने चाचपला. काका गेल्याचे ऐकून त्यांनी ओढणी डोक्यावर ओढून घेतली.

"एक गोष्ट त्याला सांगितली नाही मी," त्या मग म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आले ना, तेव्हा मला काही दिसत नव्हतं. होळीच्या आधीच सगळं गेलं होतं. बहू बोलणार होती, मी बोलू दिलं नाही. इतकी मेहनत केली होती त्याने."

"मग ओळखलंत कसं?"

"दार तापलं होतं, दुसरं थंड होतं. आणि त्याने विचारलं होतं ना, ऊन कुठून यायचं? इतक्या वर्षांत मोती गेला कसा, ते सगळ्यांनी विचारलं. तो झोपायचा तिथे ऊन यायचं का, हे कुणी नाही विचारलं." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटे कोरडी आणि हलकी होती. "तू तर पाहिलास ना रंग? तू सांग. कसा होता?"

मी वही आणली नव्हती. डोळे मिटले, आणि डाव्या बाजूच्या मागच्या दारापासून सांगायला सुरुवात केली.